पालकाची सही

पालकसभा अकराची असली की आत्या दहाला हजर. नोटिशीत 'सकाळी ठीक अकरा वाजता' असं मी स्वतःच्या हातानं टाइप केलेलं असायचं. तरी दहाच्या ठोक्याला शिपाई ऑफिसात डोकावून म्हणायचा, "भाऊसाहेब, आली." कोण आली हे विचारायची गरजच नसायची. मी कपाळाला हात लावायचो आणि वर्ग उघडून द्यायला सांगायचो.

पालकांसाठी खुर्च्या मांडलेल्या असायच्या, पण ती खुर्चीवर बसायची नाही. मुलांच्या पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसायची. नऊवारी नेसलेली धिप्पाड बाई त्या एवढ्याशा बाकात कशी मावायची देव जाणे. बसली की फळ्यावरचा सुविचार एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचायची, मग भिंतीवरचा नकाशा, मग वेळापत्रक. अकराला बाकीचे पालक यायला लागेपर्यंत हिचा सगळा वर्ग वाचून झालेला असायचा आणि वेळापत्रकातली चूकसुद्धा सापडलेली असायची. "बुधवारी दोनदा भूगोल हाय. गनित कवा करनार?"

मी ह्या हायस्कुलात सत्तावीस वर्षं क्लार्क होतो. गाव खाडीकाठचं. माणसं मूळची शेती, मिठागरं आणि खाडीतली मासळी ह्यावर जगलेली. आता कोणाची चाळ भाड्यानं दिलेली, कोणाची खडी-वाळूची गाडी, कोणी बेलापूरला सरकारी हापिसात. मी परभणीकडचा. बायको-मुलं गावी, मोठ्या भावाजवळ. इथं एका खोलीत मी आणि माझा स्टोव्ह. नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत सगळ्यांना घेऊन येऊ. नवी मुंबईतलं भाडं आणि क्लार्कचा पगार ह्यांचं जमलं नाही. ते असो. गोष्ट माझी नाही, आत्याची आहे.

तिला सगळी शाळा आत्या म्हणायची, आणि तिला ते मुळीच आवडायचं नाही. "मी माझे भावांचे पोरांची आत्या. तुमची कनाला?" शिक्षक हसायचे आणि पुन्हा आत्याच म्हणायचे. मीही म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? नावानं हाक मारायची तिला कोणाची छाती नव्हती.

तिच्या घराचं आणि शाळेचं नातं शाळेच्या पहिल्या दिवसापासूनचं. मैदानाची जागा म्हणजे खाजण होतं, भरतीचं पाणी आत यायचं. गावातल्या ज्या माणसांनी डोक्यावर टोपल्या वाहून तिथं भराव घातला त्यांत तिचा बाप होता. शाळा उघडली त्या वर्षी ती पाचवीत बसली. नंतर तिचे दोन धाकटे भाऊ, मग भावांची चार मुलं, मग त्यांची मुलं. शाळा सुरू झाल्यापासून एक वर्ष असं गेलं नाही की हजेरीत ह्या घरातलं पोर नाही. हे मी रजिस्टर चाळून पाहिलेलं आहे. माझ्यासारख्या माणसाला उन्हाळ्याच्या सुटीत दुसरा उद्योग तरी काय!

आणि ह्या सगळ्या पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर, सहलीच्या संमतिपत्रांवर, रजेच्या अर्जांवर 'पालकाची सही' ह्या शब्दांखाली एकच सही. आत्याची.

त्याचं असं झालं, की ती सातवीत असताना तिची आई गेली. बाप दिवसभर मिठागरात. दोन भाऊ लहान. हिची शाळा तिथंच सुटली. पुढच्या सहामाहीला त्या दोघांतल्या मोठ्या भावाच्या प्रगतिपुस्तकावर सही मागितली तर बाप अंगठा द्यायला निघाला. मास्तरही म्हणाले, अंगठा चालेल. ही तेरा वर्षांची पोरगी पुढं झाली आणि म्हणाली, "आमचे घरान सही करनारा मानूस हाय. अंगठा कनाला?" आणि केली. ती पहिली. पुढं भाऊ मोठे झाले, त्यांची लग्नं झाली, सुना आल्या, एक सून तर बी.कॉम. पण सही करायची म्हटली की पोरं वही घेऊन आत्याच्या ओटीवरच जायची. सुनांनाही बरंच होतं. कमी मार्कांचं बोलणं परस्पर आत्याकडून मिळायचं.

तिची सहीही अशी, की पाहून हसू यावं आणि लगेच गप्पही बसावं. ती आधी वरची रेघ मारायची, लांबच लांब, पट्टीनं मारल्यासारखी. मग तिला एकेक अक्षर खालून लावत जायची, दोरीवर बोंबील वाळत घालावेत तसं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. प्रगतिपुस्तकातली जागा पुरायची नाही, तर ती पुढच्या 'वर्गशिक्षकाची सही' ह्या रकान्यात घुसायची. वर्गशिक्षक मग कुठंतरी कोपऱ्यात आपली सही बसवायचे.

तिचं लग्न झालं होतं हे मला फार उशिरा कळलं. जासईला दिली होती. लग्न झालं आणि पुढच्याच परीक्षेनंतर धाकटा भाऊ प्रगतिपुस्तक घेऊन होडीनं खाडी ओलांडून जासईला पोचला, बहिणीची सही घ्यायला. बापानं सांगितलं होतं, मी अंगठा देतो. पोरगं ऐकेना. सासू म्हणाली, "ही बायको केली आपुन का हेडमास्तर?" पुढच्या परीक्षेला तो परत गेला. तिसऱ्या वेळी त्याच्याबरोबर होडीत बसून ही माहेरी आली ती परत गेलीच नाही. कोणी म्हणतात नवऱ्यानं टाकली, कोणी म्हणतात हिनं टाकला. एकदा ओळख चांगली मुरल्यावर मी धीर करून विचारलं, "आत्या, जासईहून का आलात?"

ती म्हणाली, "तिमाई परीक्सा व्हती."

एवढंच. पुढं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

माझी आणि तिची पहिली भेट भांडणानंच झाली. मी नवा, नियमावर बोट ठेवणारा. ती भाच्याच्या सहलीचा फॉर्म घेऊन आली. मी म्हटलं, "आई किंवा वडील पाठवा. तुम्ही कोण?"

"मी आत्या."

"आत्या चालत नाही. पालक पाहिजे."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "गाव कनचा तुझा?"

"परभणी."

"हितं कोन हाय तुझा?"

"कोणी नाही. एकटाच आहे."

"मंग तुला काय म्हाईत पालक कोन असतो त? घे तो कागद."

घेतला. ती सही मान्य करून घेतलेली ती पहिली वेळ, आणि त्यानंतर मी कधी विचारलं नाही. त्याची फळं पुढं भोगली.

आता तुम्हाला वाटेल बाई खडूस होती. होतीच. नवीन बी.एड. होऊन आलेल्या एका मॅडमना तिनं भर सभेत विचारलं, "बाय, तुमची वही दाखवा." मॅडम गोंधळल्या. कुठली वही? "पोरांच्या वह्या तुमी तपासता. तुमची कोन तपासतो?" मॅडमनी मुकाट्यानं टाचणवही काढून दिली. आत्यानं पानं उलटली, अक्षर बरं आहे म्हणाली आणि परत केली. त्या मॅडम नंतर मला म्हणायच्या, भाऊसाहेब, इन्स्पेक्टरची नाही भीती वाटत, ह्या बाईची वाटते.

राष्ट्रगीताचं तर विचारूच नका. सकाळी साडेसातला प्रार्थनेचा भोंगा लागायचा आणि त्याच वेळी आत्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बेलापूरच्या बाजाराला निघालेली असायची. राष्ट्रगीत सुरू झालं की ती असेल तिथं उभी. मधल्या रस्त्यात असली तरी उभी. मागं रिक्षावाले हॉर्न वाजवून दमायचे. एकदा घार आली आणि पाटीतला चांगला हातभर बोय मासा घेऊन गेली. मी खिडकीतून बघत होतो. बाईनं मान वर केली नाही. संपल्यावर मग तिनं त्या घारीला अशा काही शिव्या हासडल्या की प्रार्थनेच्या रांगेतली पोरं खो खो हसायला लागली.

पण नितेशच्या वेळी मला तिची दुसरी बाजू कळली. नितेश म्हणजे मोठ्या भावाचा मुलगा, तेव्हा नववीत. गणितात नापास झाला आणि पठ्ठ्यानं आत्याची सही स्वतःच ठोकून दिली. रेघ नंतर मारली होती, अक्षरांच्या डोक्यावरून वेडीवाकडी. मी बघताक्षणी ओळखलं. आत्याला बोलावलं. ऑफिसात दोन शिक्षक, शिपाई, दाखल्याला आलेली माणसं. नितेश भिंतीला टेकून उभा.

मी प्रगतिपुस्तक पुढं केलं. "आत्या, ही सही तुमची?"

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "माझीच हाय."

"आत्या, अहो..."

"हात कापत व्हता माझा. माझीच हाय बोलली ना!"

आणि पोराचं मनगट धरून चालती झाली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, ऑफिसात कोणी नाही असं बघून आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "भावसायब, काल मी खोटा बोलली. ती माझी नव्हती. पोराला चार मानसांत चोर करायचा नव्हता मना. आथा खरी करते." तिनं त्या खोट्या सहीखाली आपली खरी सही केली, रेघ ओढून, सावकाश. नितेशला घरी काय प्रसाद मिळाला ते मी विचारलं नाही. पण पुढच्या वर्षी तो दहावी पास झाला, गणितासकट.

हाच नितेश पुढं मोठा झाला, एका लॉजिस्टिक कंपनीत लागला, लग्न झालं, मुलगी झाली, आर्या. घरातली बाकीची पोरं तोवर एकेक करून इंग्रजी शाळांत गेली होती. बसमध्ये बसून जाणारी, टाय लावणारी. आर्या मात्र पाचवीला आमच्याकडे आली, कारण नितेश आणि त्याची बायको दोघं नोकरीला आणि पोरगी आत्यापाशी असायची. प्रवेशाच्या दिवशीही आत्याच तिला घेऊन आली. फॉर्ममध्ये 'पालकाचे नाव' आलं, तिथं तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. मी तसंच रजिस्टरला चढवलं. बाप जिवंत, आई जिवंत, आणि पालक म्हणून आत्या. चूक होती. मला कळत होती. पण पन्नासेक वर्षं त्या घरचा पालक तीच, आपण काय नवीन शोध लावायचा? खरं सांगू, मला त्या रकान्यात तिचं नाव बघून बरं वाटलं होतं.

मग लॉकडाऊन आला ते आठवा. शाळा बंद, सगळं मोबाईलवर. पालकसभासुद्धा मोबाईलवर. मी तारीख-वेळ ग्रुपवर टाकली. ऑफिस उघडायला मला मात्र यावं लागायचं, म्हणून एकटाच बसलो होतो. दहा वाजता सवयीनं गेटकडे बघितलं तर आत्या गेटाबाहेर उभी. तोंडाला साडीचा पदर बांधलेला.

"अहो, सभा मोबाईलवर आहे! आत कोणी नाहीये!"

"मंग तू कोन हाय?"

मी खुर्ची आणून गेटाच्या आतल्या बाजूला टाकली. ती बाहेर कट्ट्यावर बसली. मध्ये लोखंडी गज. अकरा वाजले, सभा तिकडं कुठं मोबाईलमध्ये सुरू झाली असेल. मैदानात गवत गुडघाभर वाढलं होतं. मग तिनं एकाएकी विचारलं, "तुझे पोरींच्या वहीवर सही कोन करतो?"

"गावी भाऊ करतो."

"सगली वरसं?"

"हो. मी इथं ना."

तिनं तोंडावरचा पदर खाली ओढला. मग म्हणाली, "मंग ती भावाची पोरं हायेत."

मला इतका राग आला म्हणून सांगू! ओठावर आलं होतं की बाई, तुम्हाला तर एकही नाही, तुम्ही कोणाला शिकवता? बोललो नाही. बाराला ती उठली, "झाली सभा," म्हणाली आणि गेली. त्या दिवशी खोलीवर जाऊन मी गावी फोन लावला. धाकटीनं उचलला. शाळेचं काय चाललंय विचारलं तर म्हणाली, "काका बघतात ना, पप्पा." राग कुठल्या कुठं गेला. रडायला आलं, पण रडणार कोणासमोर?

आता त्या मे महिन्याचं सांगतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

नितेशनं खारघरला फ्लॅट घेतला. आर्या सातवी पास झाली होती. तिला तिथल्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं आणि तो शाळा सोडल्याचा दाखला काढायला ऑफिसात आला. अंगात ऑफिसचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. "भाऊसाहेब, पटकन द्या ना, दुपारी तिकडं सबमिट करायचाय."

मी रजिस्टर उघडलं आणि मला ते नाव दिसलं.

इथं मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमच्या आठवीची एकच तुकडी उरली होती आणि तिचाही पट घसरत चालला होता. आणखी दोन-चार मुलं गेली असती तर तुकडी धोक्यात, शिक्षक अतिरिक्त, मग क्लार्कचं पद तरी कशाला ठेवतात? माझी रिटायरमेंट जवळ आली होती. शेवटच्या वर्षात कुठल्या तरी लांबच्या शाळेत समायोजन होऊन जायची मला धास्ती होती. बापाची सही आणि आधार कार्ड घेऊन दाखला देता आला असता. सरळ काम होतं. पण मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "पालक म्हणून आत्यांचं नाव आहे. सही त्यांचीच लागेल."

"काय बोलताय राव! मी बाप आहे तिचा."

"रजिस्टर तसं म्हणत नाही."

मला खात्री होती, ती सही करणार नाही. मेली तरी करणार नाही. घरातलं शेवटचं पोर होतं ते. आर्या गेली की हजेरीतलं ते आडनाव संपलं, आणि आत्याला शाळेत यायला कारण संपलं. ती अडून बसेल, घरात चार दिवस तणातणी होईल, जूनला नितेश कंटाळून पोरगी इथंच ठेवील. असा माझा हिशोब. एका म्हातारीच्या हट्टावर मी माझी खुर्ची वाचवायला निघालो होतो.

नितेश दोन दिवस फिरकला नाही. मग मीच तिच्याकडे गेलो. ती ओटीवर वाळवलेल्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. मी म्हटलं, "आत्या, आर्याच्या दाखल्यावर तुमची सही लागतेय. ऑफिसात येऊन जा."

तिचा हात थांबला. "कनचा दाखला?"

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. फ्लॅट घेतलाय हे माहीत होतं, सत्यनारायणाला ती जाऊनही आली होती. पण पोरगीची शाळा बदलणार, हे तिला माझ्या तोंडून कळत होतं. मी चाचरत काहीतरी बोललो, तिथून बस लांब पडते वगैरे. ती सोड्यांकडे बघत होती.

"उंद्या येते," म्हणाली.

उद्या आली नाही. परवाही नाही. मी मनात म्हटलं, बघा, बरोबर ओळखलं मी. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पाचव्या दिवशी आली. ठेवणीतलं लुगडं, केसात अबोली. लग्नाला निघाल्यासारखी. शिपायानं नितेशला फोन केला, तो अर्ध्या तासात धापा टाकत आला, आर्याला घेऊन. मी अर्ज टेबलावर ठेवला. आत्यानं तो उचलला आणि तिच्या सवयीनं एकेक अक्षर लावून वाचायला लागली. शाळेचं नाव. विद्यार्थिनीचं नाव. शाळा सोडण्याचे कारण. तिथं नितेशनं 'स्थलांतर' लिहिलं होतं. ती त्या शब्दावर थांबली.

"लांब हाय का खारघर?"

"जवळच आहे गं आत्या. मेट्रो आहे."

"मंग हितं का नाय येत मेट्रोनं?"

"आत्या, प्लीज यार..."

"वर्गात पयली येते पोरगी. सहा महिन्यांनी तिकरं काय झाला त कोन बघनार? सही कोन करनार?"

"तिथं सही लागत नाही. सगळं अ‍ॅपवर येतं, माझ्या मोबाईलवर."

"आनि तू बघतोस? घरी येतोस आठला. कवा बघतोस?"

नितेशचा तोल गेला. पोरगा वाईट नाही, अजूनही म्हणतो वाईट नाही. पण गेला. टेबलावर हात आपटून म्हणाला, "आत्या, माझी पोरगी आहे ती! तुझी नाही. तुला कळत कसं नाही?"

शिपाई दारातच उभा राहिला. आर्या बापाचा शर्ट ओढत होती, "पप्पा, नको ना." मी रजिस्टरात मान घातली. तिची सही मागण्याआधी जीभ झडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं मला. एक शब्द बोलून मी हे थांबवू शकलो असतो. बोललो नाही.

आत्या शांतपणे म्हणाली, "तुझीच हाय. मी कवा नाय बोलली?"

आणि टेबलावरचं पेन उचलून तिनं सही केली. मला वाटलं होतं हात कापेल. कापला नाही. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. झाल्यावर विचारलं, "आनखी कुठं?" मी म्हटलं, "रजिस्टरला, इथं." तिथंही केली. मग आर्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तिचा सुटलेला रिबिनीचा बो बांधला आणि म्हणाली, "बापाला प्रत्येक पेपर दाखवायचा. कमी असला तरी दाखवायचा. कलला?"

आर्या मान हलवून रडायला लागली. नितेश "सॉरी आत्या" असं काहीतरी पुटपुटला. "जा, उशीर व्हतोय तुना," ती म्हणाली. मी शिक्का मारला, हेडमास्तरांची सही आणली, दाखला दिला. बापलेक गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ती तिथंच बसून होती. शिपायानं पाणी आणून दिलं, तिनं एक घोट घेतला. मला राहवेना. शिपाई बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, एक सांगायचं होतं. तुमची सही लागत नव्हती. बापाची चालली असती."

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली.

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"भावांचे पोरांचे दाखले ह्याच टेबलावरना नेले मी, सही दर येला त्यांचे बापाची. बापूस जिता असताना आत्याला कोन इचारतो? मना काय येवरा कलत नाय?"

"मग आलात कशाला?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून चक्क हसली. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे बघून हसल्याचं मला आठवत नाही.

"तू बोलवायला आलास ना, भावसायब. घरान मना कोनी सांगितला पन नव्हता. तू माझे ओटीवर आलास, बोललास तुमची सही पायजे. बरा वाटला मना. चार दीस नुसती बसून व्हती, पन बरा वाटला. कोनीतरी इचारला."

मी तिला बोलवायला गेलो होतो ते माझा पट वाचावा म्हणून. ते सांगायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती, तसंच हसत. मला नाही सांगता आलं. आजतागायत सांगितलेलं नाही.

"येते," ती म्हणाली.

"या," मी म्हणालो.